भूमीचे हासील : इंडोनेशियाचे इंधन, व्यापार आणि परके भांडवल



फलकावर आजचा विषय वाचून आपल्यापैकी कित्येकांना वाटले असेल की, उन्हाळ्याच्या या रम्य संध्याकाळी वक्त्याला इतका दूरचा देश कशाला आठवला? काव्य, संगीत, गेला बाजार रामायण-महाभारत असे कितीतरी गोड विषय या व्यासपीठावर शोभले असते. मी आरंभीच कबूल करतो की, या विषयाकडे मी वळलो तो विद्वत्तेमुळे नव्हे, तर विजेच्या बिलामुळे.

कच्छच्या किनाऱ्यावर मुंद्रा येथे चार हजार मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र आहे. तेथील वीज पाच राज्यांनी घ्यावी असा करार २००७ साली झाला आणि त्यात महाराष्ट्राच्या वाट्याला ७६० मेगावॅट आली. कोळसा मात्र झरियाचा नव्हता आणि आपल्या चंद्रपूरचाही नव्हता. तो यायचा होता जहाजातून, इंडोनेशियातून. २०१० साली जाकार्ता येथील एका मंत्रालयाने एक नियम काढला आणि त्यापायी मुंद्र्याचा सगळा हिशेब कोलमडला. त्यावरून आपल्या देशात जी भांडणे लागली ती थेट दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. तो नियम कोणता, तो काढणाऱ्यांची बाजू काय, आणि त्यामागे त्या देशाचा कोणता जुना अनुभव होता, हे सांगावे एवढाच माझा आजचा हेतू आहे.

दूरचा देश असे मी म्हणालो खरे, पण ग्रेट निकोबारच्या दक्षिण टोकापासून सुमात्रा बेटाची हद्द दोनशे किलोमीटरच्या आत आहे. भाषेच्या दृष्टीने तर अंतर त्याहूनही कमी. त्यांच्या भाषेत पृथ्वीला ‘बुमी’ म्हणतात, राष्ट्राला ‘नगारा’, आणि किमतीला ‘हारगा’. हा ‘हारगा’ म्हणजे आपला संस्कृत ‘अर्घ’ होय. नाण्याचे नाव ‘रुपिया’. आणि उत्पन्नाला ते ‘हासिल’ म्हणतात, “त्यात काय हशील?” असे आपण विचारतो तोच हा शब्द, अरबांकडून दोन वाटांनी दोन घरी गेलेला. घासलेटाला ते ‘मिन्याक् ताना’ म्हणजे मातीचे तेल म्हणतात. आज मला जे सांगायचे आहे ते या चार-पाच शब्दांच्या आधारे सांगता येईल.

त्यांची राज्यघटना १९४५ सालची. तिचे तेहतिसावे कलम असे की, भूमी, पाणी आणि त्यांच्या पोटातील नैसर्गिक संपत्ती राष्ट्राच्या ताब्यात राहील आणि जनतेच्या जास्तीत जास्त भल्यासाठी वापरली जाईल. हे कलम लिहिणारांच्या डोळ्यांपुढे काय होते ते उघड आहे. उत्तर सुमात्रात १८८५ साली तंबाखूच्या मळ्यात काम केलेल्या झायल्कर नावाच्या एका डच गृहस्थाला खनिज तेलाची पहिली विहीर लागली. १८९० साली त्या तेलासाठी हेगमध्ये रॉयल डच कंपनी निघाली, १९०७ साली ती शेल कंपनीशी जोडली गेली, आणि जगातील एका बलाढ्य तेलकंपनीचा पाया अशा रीतीने सुमात्राच्या चिखलात घातला गेला. विहिरीच्या आसपासच्या गावांना त्यातून मिळाली ती मजुरी.

पण घटनेत कलम घातल्याने जमिनीतून तेल वर येत नाही. त्याला यंत्रे लागतात, भूस्तर जाणणारी माणसे लागतात आणि मुख्य म्हणजे दहा ठिकाणी कोरडी भोके पडली तरी न डगमगणारे भांडवल लागते. सुकार्णो यांच्या राजवटीत १९५७ च्या शेवटी डच कंपन्या ताब्यात घेण्यास सुरुवात झाली. १९६० साली कायदा झाला की तेल काढण्याचा हक्क एकट्या राष्ट्राचा. परक्या कंपन्यांनी फार तर कंत्राटदार म्हणून राहावे. अभिमान सांभाळला गेला, पण तिजोरी रिकामी झाली. १९६६ साली महागाई वर्षाला सहाशे टक्क्यांच्या वर गेली होती. सकाळी घेतलेला पगार संध्याकाळी हलका होई, असा तो काळ.

अशा अडचणीतून एक नामी युक्ती निघाली. इब्नु सुतोवो हे मूळचे वैद्य, पुढे सेनापती आणि मग सरकारी तेलकंपनीचे प्रमुख. त्यांनी १९६६ साली परक्या कंपनीशी एका नव्या तऱ्हेचा करार केला. त्याचे नाव ‘बागी हासिल’, म्हणजे उत्पन्नाची वाटणी. तेथील शेतकरी वाट्याने जमीन कसतो त्यालाही हेच नाव आहे. आपल्याकडे बटईने किंवा अर्धेलीने जमीन लावतात, तसेच हे. जमीन मालकाची, बी-बियाणे आणि कष्ट कुळाचे, आणि खळ्यावर धान्याची वाटणी. येथे मालक म्हणजे राष्ट्र आणि कूळ म्हणजे अमेरिकेची किंवा जपानची लक्षाधीश कंपनी! कंपनीने आपल्या पैशाने तेल शोधावे. न सापडले तर नुकसान तिचे. सापडले तर वर आलेल्या तेलातून आधी खर्चापोटी चाळीस टक्क्यांपर्यंत तेल तिने उचलावे आणि राहिलेल्याचे शंभर भाग केले तर पासष्ट राष्ट्राचे, पस्तीस कंपनीचे. १९७६ नंतर राष्ट्राचा वाटा पंच्याऐंशीपर्यंत वाढवण्यात आला.

यात नवे काय ते ध्यानात घ्या. पूर्वीच्या सवलतपट्टीत तेल वर आले की ते कंपनीचे होई आणि सरकारला स्वामित्वशुल्क किंवा कर मिळे. नव्या करारात तेल विहिरीच्या तोंडाशी राष्ट्राचेच राही, आणि कुळाला त्याचा वाटा मालकाकडून मिळे. पैशाचा हिशेब कदाचित सारखाच येईल. पण मालकी कोणाची हा प्रश्न त्या लोकांना पैशापेक्षा मोठा वाटत होता, आणि साडेतीनशे वर्षांच्या अनुभवानंतर तो तसा वाटणे स्वाभाविक होते. ही पद्धत पुढे जगभर पसरली. आपल्या मुंबईसमोरच्या समुद्रात पन्ना-मुक्ता क्षेत्रासाठी १९९४ साली जो करार झाला तोही याच जातीचा आहे.

आता बटईतले दुखणे ज्यांनी शेती केली आहे त्यांना सांगायला नको. खळ्यावर वाटणी होण्यापूर्वी खर्च वजा जातो, आणि तो किती झाला हे कूळच सांगते! खत किती, मजुरी किती, याचा पडताळा घ्यायला मालकाला स्वतः शेती कळावी लागते. तेलाच्या बाबतीतही तेच. करार कितीही चांगला लिहिला तरी कंपनीच्या वह्या तपासणारी जाणती माणसे सरकारपाशी नसतील, तर पंच्याऐंशी टक्क्यांचा आकडा कागदावरच राहतो. पन्ना-मुक्ताच्या बाबतीत आपल्या सरकारचे आणि कंपन्यांचे वर्षानुवर्षे जे वाद चालले, त्यांतला मोठा भाग खर्चाच्या याच हिशेबाबद्दलचा होता.

इंडोनेशियात मात्र पहिला धक्का कुळाकडून आला नाही, तर मालकाच्या मुनिमाकडून आला. १९६८ साली सरकारी तेलकंपन्या एकत्र करून पर्तामिना ही एकच कंपनी निघाली आणि तिचे सर्वाधिकारी झाले इब्नु सुतोवो. १९७३ साली जगात तेलाचा भाव चौपट होऊ लागला. हातात पैसा खेळू लागल्यावर या गृहस्थांनी तेलाबरोबर पोलाद, खते, हॉटेले, विमाने, भातशेती, तेलवाहू जहाजांचे तांडे असा संसार मांडला. तो चालवण्यासाठी अर्थखात्याला न विचारता परदेशी बँकांकडून थोड्या मुदतीची कर्जे काढली. मोठी कर्जे थोड्या मुदतीची काढायची आणि ती पोलादाच्या कारखान्यात घालायची, म्हणजे दिवाळीला फेडायच्या उसन्या पैशावर नारळाची बाग लावण्यासारखे आहे. १९७५ च्या प्रारंभी हप्ता चुकला. वह्या उघडल्या तेव्हा देणे दहा अब्ज डॉलरांच्या वर निघाले. ज्या वर्षी तेलाला न भूतो असा भाव होता त्याच वर्षी तेलसंपन्न देशाची तेलकंपनी बुडाली! मध्यवर्ती बँकेने देशाची गंगाजळी उपसून ती वाचवली आणि १९७६ साली इब्नु सुतोवो यांना जावे लागले.

या प्रकरणाची मला फार मौज वाटते, आणि दुःखही. ज्या माणसाने परक्यांपासून राष्ट्राचा वाटा इतक्या कुशलतेने सोडवून घेतला, त्याच्यापासून राष्ट्राचा वाटा सोडवायला कोणी नव्हते.

परंतु केवळ बुडाल्याची हकीकत सांगून थांबणे अन्यायाचे होईल. तेलाच्या पैशाचा एक हिस्सा खरोखरच खेड्यात पोचला. १९७३ ते १९७९ या काळात त्या देशाने एकसष्ट हजारांवर प्राथमिक शाळा बांधल्या. पुढे नोबेल पारितोषिक मिळालेल्या एस्थर डुफ्लो यांनी २००१ साली याच शाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि जेथे शाळा अधिक निघाल्या तेथील मुले अधिक शिकली व मोठेपणी अधिक मिळवती झाली, असे दाखवून दिले. खतांचे कारखाने निघाले, कालवे दुरुस्त झाले आणि एके काळी जगात सर्वांत जास्त तांदूळ विकत घेणाऱ्या देशांत ज्याची गणना होई, तो १९८४ साली तांदळाच्या बाबतीत स्वयंपूर्ण झाला. १९८६ साली तेलाचे भाव कोसळले तेव्हा रुपियाची किंमत उतरवून, कापड-चपला अशा मालाच्या निर्यातीला वाट करून देऊन त्यांनी ते संकट निभावले. तेल लागलेल्या पुष्कळ देशांना हे जमलेले नाही.

आता मातीच्या तेलाकडे वळू. देशात तेल आहे तर ते देशवासीयांना स्वस्त मिळालेच पाहिजे, ही भावना कोणालाही पटणारी आहे. त्यामुळे पेट्रोल, डिझेल आणि घासलेट बाजारभावापेक्षा कितीतरी कमी किमतीला विकण्याची प्रथा तेथे पडली. मधला खड्डा सरकार भरी. जोवर देश तेल विकत होता तोवर हा खड्डा डोळ्यांवर येत नसे. पण विहिरी म्हाताऱ्या होत होत्या आणि मोटारसायकली वाढत होत्या. १९९५ च्या सुमारास रोज सोळा लाख पिंपे तेल निघत असे. आता सुमारे सहा लाख निघते. २००४ च्या सुमारास देश विकण्यापेक्षा अधिक तेल विकत घेऊ लागला. तेल निर्यात करणाऱ्या देशांच्या ज्या संघात तो १९६२ पासून होता, त्यातून २००८ अखेर त्याला बाहेर पडावे लागले. घरात दूध विकत आणायचे आणि गवळ्यांच्या मंडळात बसायचे हे फार काळ चालण्यासारखे नव्हते.

स्वस्त तेलाचा लाभ कोणाला होतो? ज्याच्या घरी मोटार आहे त्याला दर लिटरमागे सरकारी मदत मिळते. ज्याच्या घरी चिमणी आहे त्याला चिमणीपुरती मिळते. २०१४ च्या सुमारास केंद्र सरकारच्या एकूण खर्चाचा जवळजवळ पाचवा हिस्सा इंधन आणि विजेच्या सवलतीत जात होता. हे अर्थमंत्र्यांना ठाऊक नव्हते असे नाही. पण भाव वाढवणे किती धोक्याचे, हेही त्यांना ठाऊक होते. १९९७ च्या आशियाई आर्थिक संकटात रुपिया कोसळला. डॉलरला सुमारे चोवीसशे रुपिया हा भाव वर्षभरात दहा हजारांच्या पलीकडे गेला. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अटींप्रमाणे सवलती कमी करायच्या म्हणून ४ मे १९९८ रोजी पेट्रोलचा भाव सुमारे सत्तर टक्क्यांनी वाढवला गेला. मेदान शहरात दंगली झाल्या. १२ मे रोजी जाकार्तात विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यापाठोपाठ शहर पेटले, हजारावर माणसे मेली आणि २१ मे रोजी बत्तीस वर्षे सत्तेवर असलेल्या सुहार्तो यांनी राजीनामा दिला. पेट्रोल हे एकच कारण नव्हे. पण काडी तेथे पडली.

म्हणूनच २००५ साली जे झाले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरला पेट्रोल लिटरला २४०० रुपियांवरून ४५०० वर आणि घासलेट ७०० वरून २००० वर नेण्यात आले. घासलेट जवळजवळ तिप्पट! आणि तरीही सरकार पडले नाही. फरक असा की, या वेळी दीड कोटीहून अधिक गरीब कुटुंबांना महिना एक लाख रुपिया रोख देण्याची व्यवस्था बरोबरच केली होती. टपाल कचेरीसमोर रांगा लागल्या, याद्यांत खरे गरीब सुटले आणि सरपंचाचे मेहुणे घुसले, अशा तक्रारी भरपूर झाल्या. आपल्याला हे चित्र अपरिचित नाही. पण तेलात जाणारा पैसा माणसाच्या हाती दिला तर तो भाववाढ सोसतो, हे दिसून आले. २००७ पासून त्यांनी घासलेटाच्या जागी गॅस आणला. तीन किलोचे लहान सिलिंडर आणि शेगडी फुकट वाटली. असे पाच कोटींहून अधिक संच वाटले गेले. धुराच्या चुलीपुढे आणि स्टोव्हपुढे ज्यांचे डोळे गेले त्या बायकांच्या दृष्टीने हे त्या देशाच्या इंधनधोरणातले सर्वांत मोठे पान असेल. आता त्या छोट्या सिलिंडरावरची सवलत आवरावी कशी हा प्रश्न पडला आहे, कारण गॅसही बाहेरूनच आणावा लागतो. एक सवलत काढताना दुसरी जन्माला आली.

तेलाची जागा घेतली कोळशाने. तेथील कोळशाच्या खाणी बोर्नियो बेटाच्या त्यांच्या भागात, म्हणजे कालिमांतानात, आणि सुमात्रात आहेत. बऱ्याचशा उघड्या, नदीकाठच्या. कोळसा तराफ्यांवर घालून समुद्रात उभ्या जहाजापर्यंत नेतात. २००० साली सारे उत्पादन आठ कोटी टनांच्या आत होते. २०२४ साली ते त्र्याऐंशी कोटी टनांवर गेले. त्यातला मोठा भाग चीन आणि भारत घेतात. जगाच्या बाजारात वीजकेंद्रांसाठी इतका कोळसा दुसरा कोणताही देश विकत नाही.

येथे मुंद्र्याची हकीकत येते. २००६ अखेर निविदा निघाल्या तेव्हा टाटा पॉवर कंपनीने युनिटला सरासरी २ रुपये २६ पैसे असा भाव बोलून प्रकल्प मिळवला. हा भाव पंचवीस वर्षांच्या हिशेबाने होता, आणि त्यात कोळशाच्या किमतीचा मोठा भाग न वाढणारा धरला होता. कंपनीने २००७ साली कालिमांतानातील दोन मोठ्या खाणकंपन्यांत तीस टक्के हिस्साही विकत घेतला. तेथील भागीदार कंपनीचे नाव बुमी, म्हणजे आपली भूमीच. खाण घरची, जहाज घरचे, केंद्र घरचे. मग चिंता कशाची, असा तो विचार होता आणि तो वेडगळ नव्हता.

चूक कोठे झाली? जाकार्ताच्या सरकारला असे दिसत होते की, परदेशी गिऱ्हाईक आणि येथली खाण यांचे नातेगोते असले म्हणजे कोळसा मुद्दाम कमी किमतीला विकला जातो. स्वामित्वशुल्क आणि आयकर हे दोन्ही विक्रीच्या किमतीवर असतात. खाणीत नफा दाखवायचा नाही, परदेशातल्या कंपनीत दाखवायचा, ही जगातल्या व्यापाऱ्यांची जुनी रीत आहे. तेव्हा सप्टेंबर २०१० मध्ये नियम निघाला की, सरकार आंतरराष्ट्रीय बाजार पाहून दरमहा कोळशाचा ‘हारगा’ जाहीर करील आणि त्यापेक्षा कमी भावाने कोणी विकता कामा नये. जुने करारही वर्षभरात या भावाला आणावेत. झाले! मुंद्र्याने जो कोळसा ठरीव किमतीला धरला होता तो बाजारभावाचा झाला, आणि वीज मात्र २ रुपये २६ पैशांनीच विकायची होती. दर युनिटमागे तोटा होऊ लागला. गमतीची गोष्ट अशी की, भाव वाढल्याने खाणीतल्या तीस टक्क्यांवर नफा वाढत होता. पण तो केंद्रातला खड्डा भरण्याइतका नव्हता.

कंपनीने भाव वाढवून मागितला. केंद्रीय वीज नियामक आयोगाने काही भरपाई मंजूर केली. ग्राहकांच्या बाजूने अपिले झाली. अखेर ११ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला : परक्या देशाने आपला कायदा बदलला तर तो आपल्या करारातील ‘कायद्यातील बदल’ ठरत नाही, आणि कोळसा महागला ही काही दैवी आपत्ती नव्हे, ज्याने भाव बोलला त्याने तो जोखीम जाणून बोलला. ग्राहकाच्या दृष्टीने हा विजय होता. पण तोट्यातले केंद्र पुरते चालत नाही. पुढे २०२२ साली कोळसा भडकला तेव्हा केंद्र सरकारला विशेष अधिकार वापरून अशी केंद्रे चालवण्याचा हुकूम काढावा लागला, आणि खर्चाप्रमाणे भाव द्यावा लागला. न्यायालयात जिंकलेले सव्वादोन रुपये बाजारात टिकले नाहीत.

आपण इंडोनेशियाला दोष द्यावा काय? मला तरी देववत नाही. आपल्या मालाची किंमत हिशेबाच्या वहीत लपवली जाऊ नये म्हणून मालकाने खळ्यावर आपला काटा आणून ठेवला, इतकेच त्यांनी केले.

तथापि स्वतःच्या लोकांसाठी मात्र त्यांचा काटा निराळा आहे. २०१८ पासून खाणवाल्यांनी उत्पादनाचा पाव हिस्सा देशातच द्यावा, आणि सरकारी वीजकंपनीला टनाला जास्तीत जास्त सत्तर डॉलरनी द्यावा असा दंडक आहे. २०२१ च्या अखेरीस जगात भाव दीडशे डॉलरांच्या वर गेला. सत्तरला द्यायचे की दीडशेला? खाणवाल्यांनी पाठ फिरवली. वीस-एक वीजकेंद्रांची, म्हणजे दहा हजार मेगावॅटहून अधिक विजेची, कोठारे रिकामी होत आल्याचे सरकारने सांगितले आणि १ जानेवारी २०२२ पासून कोळशाची सारी निर्यातच महिनाभर बंद केली. जपान, कोरिया, फिलिपाइन्स यांनी विनवण्या केल्या. महिना संपण्याआधीच बंदी टप्प्याटप्प्याने सैल झाली. त्याच वर्षी २८ एप्रिलला, देशातच तळणाचे तेल मिळेनासे झाले म्हणून पामतेलाची निर्यात थांबवली आणि २३ मे रोजी पुन्हा सुरू केली. त्या साडेतीन आठवड्यांत आपल्याकडे वाण्याच्या दुकानी तेलाचे भाव ज्यांनी विचारले असतील त्यांना जाकार्ता किती जवळ आहे हे निराळे सांगायला नको.

या बंद्या तात्पुरत्या होत्या. निकेलची बंदी मात्र विचारपूर्वक घातलेली आहे, आणि सर्व विकसनशील देश तिच्याकडे डोळे लावून बसले आहेत. आपल्या घरातली स्टेनलेस स्टीलची भांडी गंजत नाहीत त्याला त्यातले क्रोमियम आणि निकेल कारण असतात. विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या कित्येक बॅटऱ्यांतही निकेल लागते. सुलावेसी आणि हालमाहेरा या बेटांवर तांबडी, लोहयुक्त माती आहे, कोकणातल्या जांभ्याची बहीणच म्हणा ना. तिच्यात शेकडा दीड-दोन भाग निकेल असते. वर्षानुवर्षे ही माती जशीच्या तशी जहाजात भरून चीनला जाई. म्हणजे शंभर टनांत अठ्ठ्याण्णव टन नुसता मलबा परदेशी पाठवायचा, आणि दोन टन धातूचे मोल दुसऱ्याने करायचे!

२००९ च्या खाणकायद्याने सांगितले की पाच वर्षांत धातू येथेच गाळला पाहिजे. २०१४ च्या जानेवारीत बंदी आली, २०१७ साली सैल झाली, आणि १ जानेवारी २०२० पासून पक्की झाली. चिनी कंपन्यांनी ओळखले की माती येत नसेल तर भट्टीच तेथे न्यावी लागेल. मोरोवाली येथे २०१३ सालच्या करारान्वये औद्योगिक वसाहत उभी राहिली. बंदर, विमानतळ, भट्ट्या, सगळे समुद्रकाठच्या एका मागास कोपऱ्यात. जगातील खाणींतून निघणाऱ्या निकेलपैकी निम्म्याहून अधिक २०२३ साली इंडोनेशियाचे होते. राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो भाषणांतून अभिमानाने सांगत की, कच्ची माती विकून वर्षाला एक अब्ज डॉलरच्या आसपास मिळत, आणि भट्ट्या आल्यावर २०२१ साली वीस अब्जांची निर्यात झाली.

हा वीस अब्जांचा आकडा निर्यातीचा आहे, कमाईचा नव्हे. आणि येथे सावधपणा हवा. फैसल बसरी या त्यांच्याच अर्थशास्त्रज्ञांनी अखेरपर्यंत हीच टीका केली. भट्टी चिनी, कर्ज चिनी, बरेचसे तंत्रज्ञ चिनी, नफ्यावर कित्येक वर्षे करमाफी. मग या वीसातले देशात राहते किती? शिवाय निर्यात बंद झाल्याने खाणवाल्याला माती भट्टीवाल्यालाच, तो देईल त्या भावाला, द्यावी लागू लागली. म्हणून २०२० साली तिचाही सरकारी ‘हारगा’ ठरवावा लागला. मजुरांचे म्हणाल तर, २४ डिसेंबर २०२३ रोजी मोरोवालीत भट्टीचा स्फोट होऊन एकवीस माणसे दगावली. माझे मत असे की, धोरणाची दिशा बरोबर आहे, पण वाटणीचा हिशेब अजून व्हायचा आहे. बागी झाले, हासिल मोजायचे राहिले.

युरोपीय संघाने या बंदीविरुद्ध २०१९ साली जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली. नोव्हेंबर २०२२ मध्ये पंचांनी इंडोनेशियाविरुद्ध निकाल दिला. डिसेंबरात इंडोनेशियाने अपील केले. आता गंमत पाहा : त्या अपील न्यायमंडळावर २०१९ अखेरपासून खटला ऐकण्याइतके सदस्यच उरले नाहीत, कारण अमेरिकेने नव्या नेमणुका अडवून धरल्या. म्हणजे अपील अशा कचेरीत दाखल झाले की जिच्या दाराला कुलूप आहे. बंदी चालूच राहिली.

या भट्ट्या चालतात कशावर? कोळशावर. स्वच्छ मोटारींसाठी लागणारा धातू गाळायला मोरोवाली आणि वेदा बे येथे खास कोळशाची वीजकेंद्रे बांधली गेली. २०२२ सालच्या अध्यक्षीय आदेशाने नव्या कोळसाकेंद्रांना बंदी केली. पण अशा कारखान्यांशी जोडलेल्या केंद्रांना वगळले. त्याच वर्षी नोव्हेंबरात बाली येथे श्रीमंत राष्ट्रांनी कोळसा सोडण्यासाठी वीस अब्ज डॉलर देऊ केले. त्यात अनुदान थोडे आणि कर्जच फार होते. आणि मार्च २०२५ मध्ये अमेरिका त्यातून बाहेर पडली.

आणि एक बातमी सांगून थांबतो. २०२३ साली भारतातील एका मोठ्या स्टेनलेस स्टील कंपनीने हालमाहेरा बेटावर उभ्या राहणाऱ्या निकेलच्या भट्टीत एकोणपन्नास टक्के भाग घेत असल्याचे जाहीर केले. २००७ साली आपण तेथे कोळशाच्या खाणीत तीस टक्के घेतले होते. या खेपेला कच्चा माल भट्टीच्या दारातच आहे, समुद्र ओलांडून आणायचा नाही. मात्र त्या मातीचा हारगा ठराविक मुदतीने जाहीर करण्याचे काम जाकार्तानेच आपल्याकडे ठेवले आहे.